सळीला पाणी

आर्णीत माणूस गेलं की त्याची बातमी पंचफुलाच्या आवाजात येते. ऑटोच्या टपावरच्या भोंग्यातून आधी बारीक खरखर होते, मग शब्द येतात, "अत्यंत दुःखद वार्ता कळवण्यात येते की..." आणि त्या 'की'च्या पुढे ती मुद्दाम थांबते. तेवढ्या थांबण्यात हॉटेलवाल्याचा झारा कढईवर अधांतरी राहतो, न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरून वस्तरा उचलून धरतो, बँकेच्या पायरीवर बसलेल्या बाया एकमेकींकडे बघतात. मग नाव येतं. "हात् बाप्पा, म्हातारा होय," असं कुणीतरी म्हणतं आणि झारा तेलात उतरतो.

हाच आवाज साड्यांचा सेल सांगतो, सोयाबीनचं बियाणं आल्याचं सांगतो, हरवलेल्या म्हशीची शिंगं कशी वळलेली आहेत तेही सांगतो. पण लोकांच्या मनात तो बसलाय त्या थांबण्यामुळे. पोरं ऐकेनाशी झाली की आया म्हणतात, "थांब, पंचफुलाले नाव देऊन येईन तुहं."

पंचफुला पन्नाशी ओलांडलेली, बुटकी, कपाळ मोकळं, बोलताना डावा तळहात कानावर ठेवायची सवय. भोंग्याचा धंदा मुळात तिच्या नवऱ्याचा, उकंडाचा. तोच ऑटो चालवायचा, तोच माईकवर ओरडायचा. एकदा त्याचा घसा बसला, तेव्हा विहारात वंदना म्हणणाऱ्या बायकोला त्यानं पुढं केलं, ते कायमचंच. इतकी वर्षं भोंग्याखाली बसून त्याचे कान मात्र गेले. तो स्वतःच सांगत सुटतो, "माह्या बायकोचा आवाज साऱ्या आर्णीले आयकू येते. एक मलेच येत नाही. म्हणून तं संसार टिकला."

रेकॉर्डिंग होतं मागच्या खोलीत. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या. टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी माईकचा मिक्सर, दोन बाजूंना दोन स्पीकर, टेबलाखाली वूफर. वर, स्टुलावर चढल्याशिवाय डोळे पोचणार नाहीत अशा उंचीवर, जाळीची लहान खिडकी. खिडकीमागे बोळ. बोळापलीकडे बिजलीबाईचं घर. आणि बोळात, पंचफुलाच्या भिंतीला लागून, जमिनीत ठोकलेली एक लोखंडी सळी.

सळी पंचफुलाचीच. नवा कॉम्प्युटर आला तेव्हा बसस्टँडजवळच्या रोशननं, जो गावातले कॉम्प्युटर दुरुस्त करतो, तिथं खड्डा केला, मीठ-कोळसा भरला, सळी ठोकली आणि तिची तार आत बोर्डाच्या तिसऱ्या भोकापर्यंत आणली.

"काकू, ही अर्थिंग," तो म्हणाला होता. "करंट चुकून कॅबिनेटमध्ये आला, तं इथून जमिनीत निंगून जाईन. फक्त उन्हाळ्यात पाणी टाकत जा. माती सुकली का सळी कामाची नाही."

पंचफुला दर उन्हाळ्यात दिवेलागणीला बादलीभर पाणी टाकायची. पलीकडून बिजलीबाई हसायची, "काय व, सळीले पालवी फुटली का?"

यंदा चैत्रात वादळ झालं. खांबावरून बिजलीबाईच्या घरात येणाऱ्या दोन तारांपैकी एक तुटली. त्यानंतर एका संध्याकाळी पंचफुला बादली घेऊन बोळात गेली, तर माती आधीच ओली. सळीला एक नवी तार गुंडाळलेली, आणि ती तार भिंतीवरून बिजलीबाईच्या घरात गेलेली.

बिजलीबाईचा मुलगा रूपसिंग चपला-बुटांचं दुकान बंद करून घरी येत होता. तिनं त्याला बोळाच्या तोंडाशीच गाठलं.

"रूपसिंग, हे काय रे बाप्पा?"

"न्यूट्रल तुटला न काकू आमचा. लाइनमन म्हणते येतो, येतो, अन् येतच नाही. मंग एक तार खांबावरची घेतली, दुसरी जमिनीतली. झाला लाइट! तुमची सळी आयतीच होती."

"काही होत तं नाही ना?"

"काय होते? जमीनच तं हाये. साऱ्या आर्णीत असंच चालते." तो हसला. "सळी झिजली तं नवी देईन तुमाले."

पंचफुलाही हसली. खरं तर तिला बरंच वाटलं, कारण रोजची एक बादली वाचली. माती सुकली की बिजलीबाईचे दिवे लाल पडायचे, कूलरचा पंखा म्हाताऱ्यासारखा दम टाकत फिरायचा. मग ती स्वतःच, "लाइटले तहान लागली," म्हणत बोळात यायची आणि सळीच्या बुडाशी पाणी ओतायची. दिवे पांढरे व्हायचे.

त्याच दिवसांत पंचफुलाच्या स्पीकरमध्ये घुंई शिरली.

आधी बारीक होती, डबीत कोंडलेल्या माशीसारखी. मग जाड झाली. माईक बंद केला तरी यायची. गाणं लावलं की गाण्याखाली, थांबवलं की एकटी. घूंऽऽ. रेकॉर्डिंगमध्येही उतरायची. कापडवाला म्हणाला, "ताई, पैठणीच्या मागं भुंगा काहून सोडला?" त्यावर ती हसली. पण एका मयताच्या बातमीनंतर मेलेल्या माणसाचा मुलगा दारात येऊन उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "मावशी, बाबाचं नाव घेतलं तवा मागून कोणी कण्हून राह्यलं होतं का?" त्यावर तिला हसता आलं नाही.

आणखी एक गोष्ट तिच्या कानानं टिपली होती. रोज दिवेलागणीला बोळात बादलीचा खणखणाट व्हायचा, पाणी पडल्याचा आवाज यायचा, आणि घुंई आपोआप खाली बसायची. रात्री पुन्हा हळूहळू डोकं काढायची. तिनं ते उकंडाला सांगितलं.

"अवो, पाणी पडलं का थे गप्प होते!"

"कोण?"

"घुंई!"

"तुह्या माहेरची होय का?" उकंडा म्हणाला आणि ऑटो पुसायला निघून गेला.

शेवटी रोशन आला. त्यानं सगळ्या वायरी काढल्या, पुसल्या, पुन्हा खोचल्या. घूंऽऽ. नवी वायर लावली. घूंऽऽ. मग कॉम्प्युटरची वायर काढून स्वतःचा मोबाइल मिक्सरला जोडला. खोली गप्प.

"पाह्यलं काकू? स्पीकर चांगले हायेत. मिक्सर चांगला हाये. कॉम्प्युटर जोडला का थे येते."

"मंग कॉम्प्युटर बिघडला का?"

"नाही. कॉम्प्युटरची अर्थिंग मागच्या सळीवर, मिक्सरची जुन्या मीटरवर. दोन अर्थिंग झाल्या न. दोघींचं पटत नाही, अन् भांडण येते या मधल्या वायरीतून."

"दोन सवती म्हण न सरळ."

"तसंच समजा." त्यानं खिशातून दोन पिनांचा एक जोड काढला, कॉम्प्युटरच्या प्लगला लावला आणि बोर्डात खोचला. तिसरी पिन हवेतच राहिली. "एका सवतीले घराबाहेर काढलं. आयका आता."

काहीच ऐकू येईना. इतकं काहीच नाही, की पंचफुलाला स्वतःचा श्वास ऐकू आला.

"फक्त ओल्या हातानं कॅबिनेटले शिवू नका," रोशन जाताना म्हणाला, चप्पल घालत, जसं कुणी सांगावं की दार ओढून घ्या.

आठवडाभर पंचफुलाचं रेकॉर्डिंग पाण्यासारखं स्वच्छ झालं. घुंई गेली होती असं तिला वाटलं. ती गेली नव्हती. फक्त पंचफुलाच्या कानापर्यंत यायचा तिचा रस्ता बंद झाला होता.

मग वैशाखातल्या एका दुपारी बोळातून किंकाळी आली.

बिजलीबाईची शेळी सळीपाशी आडवी पडली होती. चारी पाय ताठ, जीभ दातांत. गावातली लाइट तासाभरापूर्वी गेलेली, त्यामुळे कूलर बंद, पंखे बंद, आणि त्या शांततेत बिजलीबाईचा आवाज जास्तच मोठा वाटत होता. रूपसिंग आला, शेळीचा पाय उचलून पाहिला, सोडून दिला.

"पान लागलं," तो म्हणाला. सापाचं नाव इकडे घेत नाहीत, साप चावला म्हणायचं तर पान लागलं म्हणतात. सळीच्या बुडाशी, रोजच्या पाण्यानं माती खचून, एक भोक पडलं होतं. सगळ्यांनी त्या भोकाकडे पाहिलं आणि दोन पावलं मागं सरले.

बिजलीबाईनं मात्र पंचफुलाकडे पाहिलं.

"झालं तुह्या मनासारखं?"

"बिजली, काय बोलून राह्यली व?"

"हिवाळ्यात तूच म्हणली होती न, ही शेळी एक दिवस मरते म्हणून?"

म्हणाली होती. पंचफुलानं माईकचा पिवळा स्पंज धुऊन कुंपणावर वाळत घातला होता आणि या शेळीनं तो खाल्ला होता. त्यावरून दोघींचं असं वाजलं की तेव्हापासून बोलणं बंद. त्याआधी वीस-पंचवीस वर्षं एकीच्या घरची भाजी दुसरीच्या घरी जात होती.

"स्पंज खाऊन पोट फुगून मरते म्हणली होती," पंचफुला म्हणाली. "अशी नाही."

"मेली न पण! तुही जीभच काळी हाये. तुह्या तोंडातून मेलेल्याचीच नावं निंगते."

 पंचफुलाची नजर शेळीच्या गळ्यावर होती. गळ्यात लोखंडी साखळी. साखळीचं दुसरं टोक सळीला अडकवलेलं. शेळीखाली काल संध्याकाळच्या पाण्याचा चिखल.

घुंई येत होती त्या दिवसांत कॅबिनेटला हात लागला की बोटांत मुंग्या यायच्या. जोड लावल्यापासून मुंग्या बंद होत्या. कॅबिनेटला सळीची तार होती. शेळीलाही सळीच होती. आणि तासाभरापूर्वीपर्यंत लाइट होती.

लाइट आल्यावर ती मागच्या खोलीत गेली. पलीकडे कूलर सुरू झाल्याचा आवाज आला. तिनं चप्पल घातली, हात पदराला कोरडे केले, प्लगचा जोड काढला आणि तिसरी पिन पुन्हा बोर्डात खोचली.

घुंई अंगावर आली. आधीची माशी नव्हे, आख्खं मोहोळ. वूफरखालची फरशी थरथरत होती. पंचफुलानं बोटाची मागची बाजू कॅबिनेटला नुसती टेकवली आणि हात असा मागं आला की कोपर भिंतीवर आपटलं.

तिनं रोशनला फोन लावला. तो लग्नासाठी पुसदला गेला होता, मागं बँड वाजत होता.

"रोशन, घुंई परत आली. म्हणजे मीच आणली. आयक." तिनं फोन स्पीकरसमोर धरला.

बँडचा आवाज लांब गेला. तो बाहेर येऊन उभा राहिला असावा.

"काकू, इतकी मोठी? त्या सळीवर कोणाचं काही जोडलं हाये का?"

"रूपसिंगनं तार गुंडाळली हाये. न्यूट्रल का काय थे. दिवे, कूलर, सारं त्याच्यावर."

 रोशन म्हणाला, "आयका. कूलरचा करंट तिथून जमिनीत जाते. माती ओली हाये तवरक जाते. उन्हानं खालची माती सुकून गेली, तं त्याले जागा नाही. मंग तो सळीवरच उभा राह्यते. जो कोणी ओल्या पायानं सळीले हात लावन, त्याच्यातून जाईन."

"शेळी मेली रे आज."

"कोणालेच तिथं जाऊ देऊ नका. तुमी पण हात नका लावू. रूपसिंगले म्हणा, घरचा मेन बंद कर अन् तार काढ. मी उद्या दुपारपर्यंत पोचतो." आणि मग खालच्या आवाजात, "थो जोड मी लावून द्यायले नव्हता पाह्यजे."

पंचफुला तशीच बिजलीबाईच्या दारात गेली. रूपसिंग शेळी पुरून आला होता आणि कूलरसमोर बनियन वर करून बसला होता.

"रूपसिंग, शेळीले पान नाही लागलं. सळीत करंट हाये. तार काढ बाप्पा."

"काकू, अर्थिंगमध्ये करंट राह्यते का कुठं? उद्या म्हणसान विहिरीले ठसका लागला."

"माह्या स्पीकरमध्ये आयकू येते. चाल, आयकवतो."

"हां, आता आलं ध्यानात." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "तुमच्या स्पीकरात भुंगा येते, म्हणून आमी उकाड्यात मरावं. तार काढली तं लाइट कुठून आणू? लाइनमन तुमचा भाऊ होय का?"

"मी करतो न त्याले फोन."

तिनं तिथंच उभं राहून केला. पलीकडून लाइनमन म्हणाला, "पाहू, ताई," आणि फोन ठेवला. रूपसिंगनं हात पसरले. झालं समाधान?

आतून बिजलीबाई आली. हातात तांब्याचा लोटा, राखेनं घासत होती.

"रूपसिंग, तू तिच्याशी बोलूच नको. काय व पंचफुले, नाग आला म्हणून तुह्या पोटात दुखून राह्यलं का? तुमी लोक मानत नाही, माहीत हाये मले. आमी मानतो. उद्या सकाळी न्हाऊन, ओल्या केसानं, अनवाणी जाईन, दूध-पाणी टाकीन, सळीले हळदकुंकू लावून डोकं टेकवीन. शेळी घेतली, आता माह्या लेकराले नको घेऊ म्हणीन."

"बिजली, नागाशी माही दुश्मनी नाही. तू घरात पूज. ओट्यावर पूज. सळीले हात नको लावू."

"जिथं भोक हाये तिथंच पूजा होते."

"मरशील व!"

बिजलीबाईनं लोटा खाली ठेवला. "पाह्य," ती मुलाला म्हणाली. "पाह्यली जीभ?"

त्या संध्याकाळी पंचफुलानं दोनदा बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन पाहिलं. सळी उन्हात उभी होती तशीच सावलीत उभी होती, मुकी, गंजलेली, कुणाच्याही घराच्या मागं असते तशी. उकंडाला तिनं हातवारे करून सगळं सांगितलं. तो उठलाच.

"मी जाऊन उपटून टाकतो थे तार."

तिनं त्याचा शर्ट धरला आणि कानाशी तोंड नेलं. "तुमचा फोटो भिंतीवर लावाचा हाये का मले? बसा. उद्या सकाळी एक काम करा. ऑटो बोळाच्या तोंडाले आडवा लावा. बाहेरून कोणी आत गेलं नाही पाह्यजे."

"अन् बिजली? तिचं दार तं बोळातच उघडते."

पंचफुलानं मागच्या खोलीतलं स्टूल खिडकीखाली ओढलं.

सकाळी तिनं चहासुद्धा घेतला नाही. मागच्या खोलीत स्टुलावर बसली, तिसरी पिन बोर्डात, स्पीकर चालू. घुंई सुरूच होती. पलीकडे कूलर फिरत होता, म्हणजे लाइट होती, म्हणजे सळी जागी होती. आपण जो आवाज घालवायला इतके दिवस धडपडलो, त्याच्यावर आज कान लावून बसलोय, हे तिच्या मनात आलं आणि तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

पलीकडचं मोरीतलं पाणी थांबलं. दार वाजलं. बांगड्या. पंचफुला स्टुलावर चढली, जाळीला डोळे लावले.

बिजलीबाई बोळात उतरली होती. केसांतून पाणी पाठीवर गळत होतं, पायात काही नव्हतं. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात ताटली.

"बिजली! मागं सर! बिजली!"

बिजलीबाईनं वर पाहिलंसुद्धा नाही. "भुंक," ती म्हणाली. "आज मी कोणाचंच आयकत नाही."

"तुह्या पाया पडतो व!"

लोटा तिरका झाला. पाणी सळीच्या बुडाशी पडलं, आणि पंचफुलाच्या पाठीमागं, खोलीत, घुंई खाली बसली, पण गेली नाही. रोज बसायची तशी. बिजलीबाईचे दोन्ही पाय आता चिखलात होते. तिनं लोटा खाली ठेवला, ताटलीतलं कुंकू बोटावर घेतलं.

पंचफुलानं स्टुलावरून उडी मारली. एक स्पीकर उचलून खिडकीच्या कट्ट्यावर फेकल्यासारखा ठेवला, तोंड बोळाकडे. मिक्सरची सगळी बटणं वर सारली. माईक धरला. डावा हात कानावर गेला.

"अत्यंत दुःखद वार्ता कळवण्यात येते की..."

आणि ती थांबली. नेहमी थांबते तेवढीच, सवयीनं. त्या थांबण्यात फक्त घुंई होती, बोळाच्या दोन्ही भिंतींवर आपटत. कुणाच्या तरी घरातला मिक्सर-ग्राइंडर बंद पडला. कुणीतरी दार उघडलं.

बिजलीबाईचं बोट सळीपासून वीतभर अंतरावर थांबलं. आर्णीतलं कुठलंही बोट थांबलं असतं.

"...बिजलीबाई, रूपसिंग चपलावाले यांच्या मातोश्री, यांचं आज सकाळी, त्यांच्या राहत्या घरामागं, सळीले हात लावून, विजेच्या झटक्यानं दुःखद निधन झालं आहे. अंत्ययात्रा..."

तिचा आवाज फाटला. पण आता त्याची गरज नव्हती. बाहेर ताटली दगडावर पडल्याचा आवाज झाला, आणि त्यामागून असली शिवी आली की उकंडा म्हणतो, ती त्यालासुद्धा ऐकू आली.

पंचफुला स्टुलावर चढली. बोळ रिकामा होता. सळीच्या बुडाशी कुंकू सांडलं होतं.

मग पुढचं दार धडधडू लागलं. "बाहीर ये, रांडे! जित्या माणसाचं नाव घेते! माह्या नावाचा भोंगा वाजवते!" पंचफुलानं दार उघडलं, आणि बिजलीबाईचे ओले हात तिच्या दोन्ही खांद्यांवर पडले, झिंज्या धरायला आलेले. पंचफुलानं तिला तशीच कवेत धरली आणि सोडलीच नाही. बिजलीबाई तिच्या पाठीवर बुक्क्या मारत होती. पंचफुला म्हणत होती, "मार. मार व. दमदार मार."

गल्ली जमली. पांढरी टोपी घालून आलेला एक म्हातारा, बिजलीबाईला उभी पाहून, टोपी काढू का ठेवू अशा पेचात पडला. रूपसिंग दुकानातून धावत आला, एका पायात चप्पल, दुसऱ्यात नाही. आईला उभी पाहून त्यानं आपल्या बंजारा बोलीत तिला हाक मारली.

"याडी!"

"मेली नाही मी अजून!" बिजलीबाई ओरडली. "हिनं मारलं मले!"

रूपसिंग पंचफुलावर धावला. पंचफुलानं हात वर केला. तिच्या आवाजात आता काही चढउतार राहिला नव्हता.

"मले मंग मारजो. आधी एक काम कर. घरी जा, मेन बंद कर. तार काढू नको, नुसता मेन बंद कर. बाकीचे सारे आत या अन् आयका."

त्या गोधड्यांच्या खोलीत मावतील तेवढी माणसं शिरली. घुंई चालूच होती.  पलीकडे खटका पडल्याचा आवाज आला आणि त्याच क्षणी घुंई तुटली, सुतळी तोडावी तशी.

"रूपसिंग, चालू कर!" खिडकीतून पंचफुला ओरडली.

घूंऽऽ.

"बंद!"

गप्प.

बिजलीबाई दारात उभी होती. तिनं एकदा स्पीकरकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटाकडे. बोटावर कुंकू तसंच होतं.

"चांदीच्या गळ्यात साखळी होती," ती स्वतःशीच म्हणाली. चांदी म्हणजे ती शेळी.

मेन बंद असतानाच रूपसिंगनं तार सोडली. दुपारी रोशन पुसदहून आला, त्यानं सळी तपासली, लाइनमनच्या घरी जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत त्याला खांबावर चढवूनच उठला. पण बिजलीबाईनं अंथरूण धरलं. बातमी एका स्पीकरमधून गेली होती, गावभर मात्र तोंडातोंडी पोचली. तांड्यावरून फोन आले. बाभुळगावहून तिची बहीण सगळी वाट रडत आली आणि तिला बसलेली पाहून पुन्हा रडली.

"एकदा तुह्या तोंडातून नाव निंगलं," बिजलीबाई पंचफुलाला म्हणाली, "का थे परत जात नाही. आजपर्यंत कोणाचं गेलं का? सांग."

पंचफुलाला एकही नाव आठवेना.

"मंग वापस घे. साऱ्या गावात फिरून घे. अन् मी सोबत बसतो. लोकायनं पाह्यलं पाह्यजे."

म्हणून दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर उकंडानं ऑटो काढला. मागं दोघी, बिजलीबाई नव्या लुगड्यात, काचेच्या टिकल्यांची ओढणी डोक्यावर. भोंग्यातून पंचफुलाचा आवाज, "कळवण्यात आनंद होतो की..." थांबण्यापाशी झारे थांबले, वस्तरे थांबले, "...बिजलीबाई सुखरूप आहेत." लोक हसले. न्हावी वस्तरा हलवत म्हणाला, "काय बाई, वरती जागा नव्हती का?" "तुही दाढी कराले कोणी नव्हतं तिथं, म्हणून परत आली," बिजलीबाईनं सुनावलं. तिच्या गालांवर हळूहळू रंग येत होता. तिनं पंचफुलाच्या पदरातले फुटाणे काढून खाल्ले, हिवाळ्यानंतर पहिल्यांदा.

ऑटो मुख्य रस्ता सोडून मागच्या वस्त्यांत वळला. दिवेलागण झाली होती. घराघरांतले दिवे लाल होते, कूलर दम टाकत होते. पंचफुला बोलत होती, आणि बोलता बोलता मध्येच थांबली. 'की'च्या पुढे नाही, भलत्याच शब्दावर.

"काहून थांबली?"

पंचफुलानं बोट दाखवलं. दोन घरांच्या मधल्या सांदीत एक बाई बादली घेऊन चालली होती. अनवाणी. पुढच्या घरामागं जमीन कोरडी, भेगाळलेली, आणि मधोमध ओला गोल डाग, डागात रोवलेली सळी. त्याच्या पुढच्या घरामागं हातपंपाच्या नळीला गुंडाळलेली तार, नळीभोवती ओल. त्याच्याही पुढं एक म्हातारी लोटा घेऊन वाकलेली. आजवर या गल्ल्यांतून हजारदा गेलेल्या पंचफुलाच्या नजरेस हे पहिल्यांदाच पडत होतं. वैशाखातलं तापलेलं गाव, आणि प्रत्येक घरामागं कुणीतरी राखलेली ती बशीएवढी ओल.

उकंडानं मागं वळून पाहिलं आणि ऑटो थांबवला.

बिजलीबाईच्या हातातले फुटाणे हातातच राहिले. ती हळूच म्हणाली, "आता कोणाकोणाचं नाव घेशील, पंचफुले?"

माईक चालूच होता. सांदीतली बाई बादलीसकट जागच्या जागी थांबली आणि तिनं वर भोंग्याकडे पाहिलं.